एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी की एमआरआय? कोणत्या दुखण्याला कोणती तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तपासणी केंद्राच्या काउंटरवर, फोनवर आणि सोनोग्राफीच्या टेबलावर आडवं पडल्या पडल्या रुग्ण जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. मी रेडिओलॉजिस्ट आहे, त्यामुळे काही उत्तरांत माझी मतंही डोकावतील. तुमच्या तब्येतीचा निर्णय मात्र तुम्हाला हात लावून तपासणाऱ्या डॉक्टरांचाच.

एमआरआय सगळ्यात महाग. म्हणजे तीच सगळ्यात चांगली तपासणी ना?

नाही. पित्ताशयातल्या खड्यांचंच बघा. सोनोग्राफीत ते स्वच्छ दिसतात. त्याहून कितीतरी महाग असलेल्या सीटीत मात्र अनेकदा दिसतच नाहीत, कारण कोलेस्टेरॉलच्या खड्याची घनता आजूबाजूच्या पित्ताइतकीच असू शकते. फुप्फुसांच्या बहुतेक आजारांत एमआरआयपेक्षा सीटी सरस ठरतो. मुतखडा शोधायलाही एमआरआय कामाचा नाही.

याचं कारण असं की प्रत्येक यंत्र वेगळीच गोष्ट मोजतं. एक्स-रे आणि सीटीमध्ये किरण किती अडले हे मोजलं जातं. म्हणून हाड, कॅल्शियम आणि हवा त्यात उठून दिसतात. सोनोग्राफी आवाजाच्या लहरींचे पडसाद टिपते. पाणी, गाठ आणि वाहतं रक्त तिला उत्तम कळतं, पण हवा आणि हाड यांच्यापुढे ती हात टेकते. एमआरआय शरीरातल्या पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनकडून संदेश घेतं, त्यामुळे मेंदू, मज्जारज्जू, स्नायू, लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे) यांचं चित्र त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं कुणी देत नाही. पेट स्कॅन पेशी साखर किती खातात ते दाखवतो. तेव्हा आधी काय शोधायचं ते ठरतं, मग यंत्र.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काय लिहिलेलं असावं?

बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘पोटाची सोनोग्राफी’ एवढंच असतं. त्याऐवजी ‘दोन दिवस बेंबीपासून उजवीकडे सरकलेलं दुखणं, ताप, उलट्या, अपेंडिक्स आहे का?’ असं लिहिलेलं असेल तर आम्ही प्रोब त्या जागी ठेवून, थोडं दाबून, वेळ घेऊन शोधतो. पहिल्या चिठ्ठीवर तीच तपासणी वरवरची होण्याचा धोका असतो. हे बोलायला अवघड आहे, पण खरं आहे. चिठ्ठीवर तक्रार नसेल तर तपासणीच्या आधी तोंडी सांगा: कुठे दुखतं, कधीपासून, आधी कोणतं ऑपरेशन झालंय, घरात कुणाला टीबी किंवा कॅन्सर आहे का. जुने रिपोर्ट सोबत आणा. पूर्वीची फिल्म समोर असेल तर ‘ही गाठ नवी की जुनी’ हा प्रश्न मिनिटभरात सुटतो. ती नसेल तर सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगावी लागते.

पोटात दुखतंय. सोनोग्राफी करू की थेट सीटी?

दुखणं कुठे आहे त्यावर ते ठरतं.

उजवीकडे बरगड्यांखाली, जेवणानंतर, पाठीपर्यंत जाणारं दुखणं असेल तर सोनोग्राफी. सहा ते आठ तास उपाशी राहून या, कारण जेवल्यावर पित्ताशय आकुंचन पावतं आणि आतलं दिसत नाही. चहासुद्धा नको, दुधाचा तर नकोच. खडा पित्ताशयातून घसरून पित्तनलिकेत अडकल्याचा संशय असेल, म्हणजे कावीळ, थंडी वाजून ताप असं काही असेल, तर एमआरसीपी हा एमआरआयचाच एक प्रकार उपयोगी पडतो. त्याला बहुधा डायही (चित्र ठळक यावं म्हणून शिरेतून टोचतात ते औषध) लागत नाही.

कुशीतून जांघेकडे उतरणारी, माणसाला एका जागी बसू न देणारी कळ म्हणजे बहुतेकदा मुतखडा. सोनोग्राफीत किडनीतला खडा आणि किडनीला आलेली सूज दिसते, पण मूत्रवाहिनीच्या मधल्या भागात अडकलेला छोटा खडा आतड्यांतल्या गॅसमागे लपतो. तिथे विनाडायचा सीटी केयूबी (किडनी, मूत्रवाहिनी आणि मूत्राशयाचा सीटी) सगळ्यात खात्रीचा. साध्या एक्स-रेत युरिक ॲसिडचे खडे दिसत नाहीत. म्हणून ‘एक्स-रेत खडा नाही’ याचा अर्थ खडा नाही असा होत नाही. वारंवार खडे होणाऱ्या तरुण माणसाने मात्र दर वेळी सीटीकडे धावू नये. बरंचसं काम सोनोग्राफीवर भागतं.

अपेंडिक्ससाठी मुलांमध्ये आणि सडपातळ व्यक्तींमध्ये आधी सोनोग्राफी. मोठ्यांमध्ये शंका उरली तर सीटी, गरोदरपणात एमआरआय.

आणि सोनोग्राफी नॉर्मल येऊनही पोट दुखत राहिलं तर? जठरातला अल्सर, ॲसिडिटीची जळजळ, आतड्याच्या आतल्या अस्तराचा दाह यांबाबत सोनोग्राफी फारसं सांगू शकत नाही. त्यासाठी एंडोस्कोपी, म्हणजे आत दुर्बीण घालून केलेली तपासणी, आहे. पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या सेंटरवर सोनोग्राफी करत फिरणारे लोक मी पाहतो. त्या पैशात एंडोस्कोपी झाली असती.

पोट अचानक फळीसारखं कडक झालं, माणूस घामाघूम झाला, तर या पानावर थांबू नका, तातडीने हॉस्पिटल गाठा.

पाय मुरगळला की एक्स-रे काढायलाच हवा का?

दर वेळी नाही. यासाठी १९९२ मध्ये कॅनडात तयार झालेले ‘ओटावा नियम’ जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंची जी हाडं वर आलेली असतात, त्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यावर दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि दवाखान्यातही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे. पावलासाठीही असेच ठरलेले बिंदू आहेत. यातलं काहीच नसेल तर फ्रॅक्चरची शक्यता फार कमी.

मनगटाबाबत सावध राहा. हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दुखत असेल तर स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाला तडा गेलेला असू शकतो. तो पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. प्लास्टर घालून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात किंवा एमआरआय करतात. तोवर ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून दुचाकी चालवायला लागणाऱ्यांचं हाड न जुळता राहतं आणि मग ऑपरेशन येतं.

कंबर दुखतेय. एमआरआयमध्ये ‘गादी सरकली’ असं आलंय. आता?

या प्रश्नावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात जास्त अनावश्यक एमआरआय कंबरेचे होतात.

ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,००० हून जास्त लोकांची माहिती एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. पन्नाशीतल्या अशा १०० निरोगी माणसांपैकी सुमारे ६० जणांच्या चित्रात डिस्क (मणक्यांमधली गादी) बाहेर फुगलेली होती, आणि सुमारे ८० जणांच्या डिस्कची झीज दिसत होती. विशीतल्या लोकांतही १०० पैकी सुमारे ३० जणांची डिस्क फुगलेली होती. म्हणजे तुमच्या रिपोर्टमधली ‘डिस्क बल्ज’ ही दुखण्याचं कारण असेलच असं नाही. केस पांढरे व्हावेत तशी ती बहुतेक वेळा वयाची खूण असते. पण रिपोर्ट हातात पडला की माणूस वाकायला घाबरतो, चालणं बंद करतो, पट्टा बांधून बसतो, आणि त्यानेच दुखणं लांबतं.

साध्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे कोणतीच तपासणी लागत नाही. बहुतेकांचं दुखणं तेवढ्यात कमी होतं. मात्र काही खुणा असतील तर दोन दिवसही थांबू नये: लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, बसताना टेकणाऱ्या भागाला बधिरपणा, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं. यात त्याच दिवशी एमआरआय हवा. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वी झालेला कॅन्सर, पूर्वी झालेला टीबी, वयस्क व्यक्तीचं पडणं यांतही लवकर तपासणी लागते. आपल्याकडे मणक्याचा टीबी दुर्मीळ नाही. सुरुवातीच्या एक्स-रेत तो दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. ‘वाताचं दुखणं’ म्हणून महिनोन्महिने मालिश चालू राहते आणि मणका आतून पोखरला जातो.

कंबरेतून पायात उतरणारी कळ सहा आठवड्यांनंतरही कमी होत नसेल आणि इंजेक्शन किंवा ऑपरेशनचा विचार चालू असेल, तर एमआरआय योग्यच. कोणती नस दाबली गेली आहे हे सर्जनला कळायलाच हवं.

गुडघेदुखीला?

पन्नाशीनंतरच्या झिजेसाठी साधा एक्स-रे, तोही उभं राहून काढलेला. झोपून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातली जागा खोटी रुंद दिसते. खेळताना गुडघा पिरगळला, आतून आवाज आला, सुजला, चालताना अडकतो किंवा निसटतो, तर लिगामेंट आणि मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) यांसाठी एमआरआय.

डोकं दुखतं. ‘डोक्याचा स्कॅन’ करून घ्यावा का?

वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने येणाऱ्या अर्धशिशीला बहुधा नाही. आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी क्षणात सुरू झाली, तर तातडीने सीटी, कारण मेंदूभोवतीचा रक्तस्राव पहिल्या काही तासांत सीटीत उत्तम दिसतो. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, फिट येणारी, दृष्टी बिघडवणारी, रोज सकाळी उलटीसह वाढणारी डोकेदुखी असेल तर एमआरआय.

डोक्याला मार लागून शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, गुंगी वाढत चालली तर सीटी. कवटीचा साधा एक्स-रे आता जवळपास निरुपयोगी ठरला आहे. हाड शाबूत असूनही आत रक्त साठलेलं असू शकतं.

वडिलांना लकव्याचा झटका आला. सीटी नॉर्मल म्हणाले. मग सीटी केलाच कशाला?

सीटी नॉर्मल आला ही त्या क्षणी चांगली बातमी होती. लकवा दोन प्रकारांनी होतो: मेंदूची रक्तवाहिनी बंद पडून किंवा फुटून. बंद पडली असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, पण ते लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांत. फुटली असेल आणि तेच इंजेक्शन दिलं, तर जीव जाऊ शकतो. काही मिनिटांत होणारा सीटी ‘रक्तस्राव नाही’ एवढं ठामपणे सांगतो. बंद वाहिनीमुळे झालेली इजा सीटीत पहिले काही तास दिसत नाही. एमआरआयच्या ‘डिफ्युजन’ नावाच्या खास चित्रात ती फार लवकर दिसते, पण एमआरआयला वेळ लागतो.

मोठी वाहिनी बंद असेल तर सीटी अँजिओग्राफी (डाय टोचून रक्तवाहिन्यांचा सीटी) करून गुठळी बाहेर ओढून काढण्याचा पर्याय आहे, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडी वळणं दिसलं की ‘थोडं झोपू द्या, बरं वाटेल’ असं म्हणू नका. ज्या हॉस्पिटलात सीटी चोवीस तास चालू आहे तिथेच थेट न्या, आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा.

टू-डी एको नॉर्मल आहे. म्हणजे हृदयात ब्लॉकेज नाही ना?

असा निष्कर्ष निघत नाही. एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. झडपा, कप्पे, हृदयाची पंप करण्याची ताकद त्यात दिसते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांतले अडथळे त्यात थेट दिसत नाहीत. मोठं ब्लॉकेज असूनही आराम करताना काढलेला एको आणि ईसीजी दोन्ही अगदी नॉर्मल येऊ शकतात.

चालताना छाती भरून येते, थांबल्यावर बरं वाटतं, अशा, ब्लॉकेजची मध्यम शक्यता असलेल्या रुग्णात स्ट्रेस टेस्ट (चालवून काढलेला ईसीजी), स्ट्रेस थॅलियम (हृदयाच्या स्नायूला रक्त किती पोहोचतं ते दाखवणारा स्कॅन) किंवा सीटी कोरोनरी अँजिओग्राफी (हृदयाच्या वाहिन्यांचा सीटी) यांतून हृदयरोगतज्ज्ञ निवड करतात. सीटी अँजिओग्राफीची खरी ताकद ‘ब्लॉकेज नाही’ हे खात्रीने सांगण्यात आहे. वाहिन्यांत खूप कॅल्शियम साठलेलं असेल तर मात्र चित्र धूसर होतं. आणि ऐन हार्ट ॲटॅकमध्ये यातलं काहीच करत बसायचं नाही. ईसीजी, रक्ताची ट्रोपोनिन चाचणी आणि थेट कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली).

खोकला जात नाही. एक्स-रे पुरेल की एचआरसीटी?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी. दोन्ही. सरकारी केंद्रात टीबीसाठी या तपासण्या मोफत होतात. देशात २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणात असं दिसलं की केवळ लक्षणं विचारून थांबलं असतं तर ४० टक्क्यांहून जास्त रुग्ण निसटले असते. ते एक्स-रेमुळे सापडले. इतका जुना, इतका स्वस्त एक्स-रे! जर्मन शास्त्रज्ञ रंटगेन यांनी हे किरण १८९५ मध्ये शोधले, आणि आजही पहिलं काम तेच करतात. फक्त टीबीचं निदान नुसत्या एक्स-रेवर पक्कं करू नये. जंतू सापडणं महत्त्वाचं.

एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा बारीक तपशील दाखवणारा सीटी, लागतो तो फुप्फुसाचं फायब्रोसिस (फुप्फुस कडक होणं), ब्राँकिएक्टॅसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावणं), किंवा एक्स-रेत न उलगडणाऱ्या सावलीसाठी. अचानक दम लागून फुप्फुसात गुठळी गेल्याचा संशय असेल तर साधा एचआरसीटी चालत नाही, डाय टोचून सीटी पल्मनरी अँजिओग्राफी करावी लागते.

कोविडच्या काळात ‘स्कोअर किती आला?’, म्हणजे एचआरसीटीत फुप्फुस किती बाधित दिसलं, हा घराघरातला प्रश्न झाला होता. २५ पैकी ४ असला तरी लोक रडत येत. महाराष्ट्र सरकारला सप्टेंबर २०२० मध्ये एचआरसीटीचे दर २,००० ते ३,००० रुपयांत बांधून द्यावे लागले, इतकी मागणी होती. सौम्य आजार असलेल्या, ऑक्सिजन नीट असलेल्या माणसाला त्या स्कोअरचा उपयोग नव्हता. ती सवय मात्र अजून गेलेली नाही. साध्या सर्दी-तापातही ‘एचआरसीटी करून टाकू का’ असे फोन येतात.

स्तनात गाठ लागतेय. सोनोग्राफी की मॅमोग्राफी?

वय तिशीच्या आत असेल तर आधी सोनोग्राफी. चाळिशीनंतर मॅमोग्राफी (स्तनांचा खास एक्स-रे) आणि तिच्या जोडीला सोनोग्राफी. मधल्या दहा वर्षांत तपासणारे डॉक्टर ठरवतात. तरुण वयात स्तनातलं ग्रंथींचं प्रमाण जास्त असतं, मॅमोग्राफीत ते पांढरं दिसतं आणि गाठही पांढरीच दिसते. भारतात स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सरासरी लवकरच्या वयात आढळतो, म्हणून ‘मी अजून लहान आहे’ हे कारण देऊन थांबू नये.

हाताला गाठ लागतेय आणि मॅमोग्राफी नॉर्मल आहे, तर गोष्ट तिथे संपत नाही. सोनोग्राफी करा, गरज पडल्यास सुईने तुकडा घेऊन बायोप्सी. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो ही भीती निराधार आहे. या भीतीपायी झालेला उशीर मात्र खरोखर घातक ठरतो.

सीटीत रेडिएशन किती असतं? एक सीटी म्हणजे ४०० एक्स-रे हे खरं का?

मोजमाप मिलिसिव्हर्टमध्ये होतं. आपल्याला निसर्गातूनच, म्हणजे माती, हवा, अवकाश यांतून, वर्षाला जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. छातीचा एक एक्स-रे म्हणजे ०.०२ ते ०.१, मॅमोग्राफी सुमारे ०.४, डोक्याचा सीटी सुमारे २, पोटाचा सीटी ८ ते १०. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये असं रेडिएशन शून्य.

मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे असं विधान केलं आणि रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला जाहीर आक्षेप घेतला. गणित कोणता एक्स-रे आणि कोणता सीटी धरता यावर फिरतं. नव्या यंत्रांवर छातीचा सीटी खूप कमी मात्रेत करता येतो. माझ्या दृष्टीने तुलनेचा आकडा दुय्यम आहे. गरज असेल तर एका सीटीचा धोका अगदी थोडा आणि फायदा मोठा असतो. गरज नसेल तर तो थोडासा धोकाही फुकट घेतलेला.

‘रेडिएशन अंगातून काढायला काय खाऊ?’ असंही विचारतात. काही नाही. एक्स-रे किंवा सीटीनंतर अंगात काही उरत नाही.

लहान मुलांसाठी वेगळं काही?

हो. वाढत्या पेशींना रेडिएशनचा त्रास जास्त आणि पुढे आयुष्यही लांब. म्हणून शक्य तिथे सोनोग्राफी किंवा एमआरआय. सीटी लागलाच तर मुलाच्या वजनानुसार मात्रा कमी केली आहे ना, हे टेक्निशियनला विचारायला संकोच करू नका. मूल पलंगावरून पडलं, लगेच रडलं, थोड्या वेळाने नेहमीसारखं खेळतंय, तर बहुधा डॉक्टरांना दाखवून काही तास नीट लक्ष ठेवणं पुरतं.

गरोदर आहे हे कळायच्या आधी एक्स-रे झाला. गर्भ पाडावा लागेल का?

या भीतीने गर्भपाताचा विचार करणारी जोडपी येतात, म्हणून स्पष्ट सांगतो: छातीच्या, दातांच्या, हातापायाच्या एक्स-रेमुळे गर्भापर्यंत पोहोचणारी मात्रा नगण्य असते. ५० मिलिग्रेपेक्षा (मिलिग्रे म्हणजे शरीरात शोषलेल्या किरणांचं माप) कमी मात्रेत गर्भाला व्यंग येण्याचा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही, आणि साध्या एक्स-रेची मात्रा त्याच्या कितीतरी खाली असते. स्त्रीरोगतज्ज्ञांना तारीख आणि तपासणी सांगा, स्वतःहून निर्णय घेऊ नका.

गरोदरपणात पहिली पसंती सोनोग्राफीला. ११ ते १३ आठवड्यांत एनटी स्कॅन (गर्भाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी) आणि १८ ते २२ आठवड्यांत व्यंग शोधणारा ॲनोमली स्कॅन चुकवू नका. त्याहून जास्त हवं असेल तर विनाडायचा एमआरआय. आईच्या जिवावर बेतलं असेल तर सीटीसुद्धा करतात आणि करायलाच हवा.

अमेरिकेतल्या बहिणीला सोनोग्राफीत मुलगा की मुलगी ते सांगितलं. मला का सांगत नाही?

भारतात तो गुन्हा आहे. महाराष्ट्राने यावर देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. गरोदर स्त्रीच्या प्रत्येक सोनोग्राफीआधी एफ फॉर्म भरून घेतात, ओळखपत्र मागतात, ते याच कायद्यामुळे. खुणेनेही विचारू नका.

डाय टोचली तर किडनी जाते का?

सीटीची डाय आयोडीनची असते. किडनी चांगली असेल तर काळजीचं कारण नाही. मधुमेह, जुना किडनीचा आजार, वय जास्त असेल तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, त्यावरून किडनीचं काम कळतं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सगळ्यांनी बंद करायची नसते. किडनीचं काम खूप मंदावलेलं असेल तर ती ४८ तास थांबवतात. डाय जाताना अंग गरम होतं, लघवी झाल्यासारखं वाटतं, ते अपेक्षितच आहे. मासे-कोळंबीची ॲलर्जी असेल तर डाय चालत नाही ही समजूत चुकीची. पूर्वी डायचीच रिॲक्शन आली असेल तर मात्र आधी सांगा.

एमआरआयची डाय वेगळी, गॅडोलिनियमची. किडनीचं काम फारच कमी असलेल्यांत ती जपून वापरतात. अंगावर पाजणाऱ्या आईला यातल्या कोणत्याही डायनंतर दूध तोडायची गरज नाही.

एमआरआयला मंगळसूत्र काढलंच पाहिजे का? सोन्याला तर चुंबक ओढत नाही.

शुद्ध सोन्याला नाही ओढत. पण दागिन्यात इतर धातू असतात, ते तापू शकतात आणि चित्रही बिघडवतात. मंगळसूत्र, जोडवी, चमकी, केसातल्या पिना, साडीच्या सेफ्टीपिना, खिशातली नाणी, सगळं बाहेर. नको वाटत असेल तर सासूबाईंच्या हातात द्या, पण काढा. नेहमीच्या १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्राचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट असतं, आणि तपासणी चालू नसतानाही ते चालूच असतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत एका पालिका रुग्णालयात रुग्णाच्या नातेवाइकाने ऑक्सिजन सिलिंडर हातात धरून एमआरआयच्या खोलीत पाऊल टाकलं. सिलिंडरसकट तो यंत्राकडे खेचला गेला आणि त्याचा मृत्यू झाला.

पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप, डोळ्यात गेलेला लोखंडी कण हे आधी सांगायलाच हवं. लेथवर किंवा वेल्डिंगचं काम करणाऱ्यांनी डोळ्याचं विशेष आठवून सांगावं. हृदयातले स्टेंट, बदललेले गुडघे, तांबी यांना बहुधा अडचण येत नाही, तरी इम्प्लांटचं कार्ड सोबत आणा.

आत गुदमरल्यासारखं होतं. ओपन एमआरआय चालेल?

ओपन यंत्रांची चुंबकीय ताकद बहुतेक वेळा कमी असते, म्हणून बारीक तपशील कमी दिसतो. आधी डोळ्यांवर रुमाल, हातात बेल, जवळ नातेवाईक, गरज पडली तर हलकं झोपेचं औषध असं करून पाहा. ‘३ टेस्लाच हवा’ असा हट्टही नको. कंबर-मानेच्या नेहमीच्या तपासणीला १.५ पुरतो.

पेट स्कॅन केला की कॅन्सर आहे की नाही ते कळतंच ना?

पेट स्कॅनमध्ये जास्त साखर खाणाऱ्या पेशी चमकतात. कॅन्सरच्या पेशी चमकतात, तशा टीबीच्या गाठीही चमकतात. आपल्या देशात ही फार मोठी अडचण आहे. म्हणून चमकली म्हणजे कॅन्सर असं नाही, बायोप्सीला पर्याय नाही. निदान झालेला कॅन्सर कुठवर पसरला, औषध लागू पडतंय का, हे पाहायला पेट उत्तम.

पेट स्कॅनसाठी जे किरणोत्सर्गी औषध टोचतात, त्याची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. दिलेल्या वेळेला उशीर केलात तर तुमच्या नावचा डोस वाया जातो. सहा तास उपाशी या, आदल्या दिवशी व्यायाम टाळा, साखर ताब्यात ठेवा.

सोसायटीच्या शिबिरात टाचेवर यंत्र लावून ‘हाडं ठिसूळ’ सांगितलं.

ती चाळणी आहे, निदान नाही. औषध सुरू करण्याआधी कंबर आणि खुब्याचा डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करा.

‘फुल बॉडी एमआरआय’चं पॅकेज घ्यावं का?

काही तक्रार नसलेल्या माणसाने घेऊ नये असं माझं मत आहे. यकृतात छोटी रक्तवाहिन्यांची गाठ, किडनीत पाण्याची पुटकुळी, थायरॉइडमध्ये दाणा, असं काही ना काही निघतंच. बहुतेक निरुपद्रवी असतं, पण ते सिद्ध करायला पुढच्या तपासण्या, सुया आणि झोप उडालेल्या रात्री. तेवढ्याच पैशात रक्तदाब, साखर, चाळिशीनंतर मॅमोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी होते.

डॉक्टरांनी सांगितलेल्याच सेंटरवर जावं लागतं का?

नाही. ‘कट’ हा शब्द सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेगळं लिहायला नको. काही वेळा मात्र डॉक्टर खरोखर चांगल्या कारणाने एखादं नाव सुचवतात, जसं की प्रोस्टेटचा किंवा सांध्याचा एमआरआय नीट वाचणारा रेडिओलॉजिस्ट तिथे आहे. सरळ विचारा: ‘तिथेच का?’ एक्स-रे आणि सीटी यंत्रांना अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. तो आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

रिपोर्टखाली ‘क्लिनिकल कोरिलेशन’ लिहिलंय. म्हणजे काहीतरी लपवताय का?

नाही. चित्रात दिसलेली गोष्ट तुमच्या लक्षणांशी जुळते का ते तुमच्या डॉक्टरांनी पाहावं, एवढाच त्याचा अर्थ. कधीकधी ते आमच्या पिढीजात सवयीने लिहिलं जातं, हेही मान्य. ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’, ‘मणक्यात झिजेचे बदल’ अशा ओळी इंटरनेटवर शोधत बसण्यापेक्षा रिपोर्ट लिहिणाऱ्याला पाच मिनिटं भेटायचं आहे असं काउंटरवर सांगा. आणि दुसरं मत घ्यायचं असेल तर खिडकीसमोर धरून मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो पाठवू नका. डायकॉम स्वरूपातली, म्हणजे यंत्रातली मूळ डिजिटल चित्रं असलेली, सीडी किंवा लिंक मागून घ्या. सीटीत शेकडो चित्रं असतात, फिल्मवर त्यातली मोजकीच छापलेली असतात.